तक्ता पाठ आहे, सर

मेजरचं अपील मंजूर झालं. सहा वर्षं, तीन महिने आणि वर काही दिवस गेल्यावर साध्या टपालाने चार ओळींचं पत्र आलं. अपीलदाराच्या डोळ्यांची इजा लष्करी सेवेमुळेच झाली हे मान्य करण्यात येत असून त्याने शस्त्रक्रियेसाठी लष्करी रुग्णालयात दाखल व्हावं, असं त्यात होतं. खाली सही होती, सहीवर शिक्का होता, आणि शिक्का चक्क सरळ होता.

पाच दिवसांनी दुसरं पत्र आलं. पहिलं पत्र अनवधानाने रवाना झालं असल्यामुळे ते आपणास मिळालेलंच नाही असं समजण्यात यावं, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा आपणही तसंच समजू. सरकारी कागदाचा मान ठेवायला हवा. मेजरचं अपील मंजूर झालेलं नाही, तसं कुठलंही पत्र आलेलं नाही, आणि ते वाचल्यावर मेजरच्या बायकोने शिवणयंत्रावर डोकं टेकून जे काही केलं, तेही तिने केलेलं नाही.

मेजर हा खरं तर मेजर नव्हता. फौजेत त्याचा हुद्दा बराच खाली होता. पण पलटणीतून परत आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची त्याच्या गल्लीत पद्धत होती, आणि बढती द्यायला गल्लीला कुठल्या मंडळाची शिफारस लागत नाही. त्याचं काम सुरुंग काढायचं. पोटावर पडून बारीक सळईने माती टोचत टोचत पुढे सरकायचं, आणि काही लागलं की थांबायचं. बारा वर्षं त्याने सुरुंग काढले. तेराव्या वर्षी एक सुरुंग स्वतःच्या मर्जीने निघाला, मेजरपासून सात-आठ पावलांवर. मेजर उठून बसला. हातपाय मोजले, चारही भरले. डोळ्यांत तेवढी माती गेली होती. दवाखान्याच्या वहीत नोंद झाली: डोळे धुतले. कामास योग्य.

चार महिन्यांनी डावा डोळा धूसर व्हायला लागला.

आता फौजेत दरवर्षी डोळे तपासतात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. वर एकच दांडगं अक्षर, मग खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी. एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने वाचायचं. जो नापास होईल त्याची रवानगी कोठारात, ब्लँकेटं मोजायला. मेजरच्या तुकडीतले लोक सुरुंगाला घाबरत नसत इतके ब्लँकेटांना घाबरत. त्यामुळे तो तक्ता तुकडीत सगळ्यांना तोंडपाठ असे. जुने लोक नव्यांना शिकवत. बूट घासताना एकाने पहिली ओळ म्हणायची, दुसऱ्याने दुसरी, अशा अकरा ओळी, शेवटी तळाच्या बारीक अक्षरांतल्या आवृत्तीच्या क्रमांकासकट. चांगली नजर असलेलेही पाठ करत, कारण ब्लँकेटांचा काय भरवसा.

मेजरने तक्ता उजव्या डोळ्याने वाचला आणि डाव्या डोळ्याने म्हणून दाखवला. पास झाला. पुढच्या वर्षीही झाला. असा आठ वर्षं तो दीड डोळ्यावर, मग सव्वा डोळ्यावर सुरुंग काढत राहिला. सुरुंगांनी कधी तक्रार केली नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने अपंगत्वाचा दावा केला. तो अर्थातच फेटाळला गेला. 'सेवेच्या अखेरच्या दिवसापर्यंत अर्जदाराची नजर उत्तम होती,' असं कार्यालयाने कळवलं. 'किंबहुना, तपासणीला लागलेला वेळ पाहता ती दरवर्षी सुधारत गेल्याचे दिसते.'

"मग खरं काय ते लिहा ना," बायको म्हणाली. ती गिऱ्हाइकांचे कपडे घरीच शिवायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती, त्यामुळे तिचं बोलणं नेहमीच जरा टोचून यायचं.

"काय लिहू? आठ वर्षं डॉक्टरांना फसवलं म्हणून?"

"हो."

"अगं, फौजेत खोटं बोलणं हा गुन्हा आहे."

"आणि आंधळं होणं?"

"त्याला अर्जाचा नमुना आहे," मेजर म्हणाला, आणि अपील केलं. त्यात फक्त स्फोटाबद्दल लिहिलं. तक्त्याबद्दल अवाक्षर नाही.

अपिलाचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. मोठा हॉल, भिंतीला लागून बाकं, समोर एक खिडकी. तिथे दर तीन महिन्यांनी जाऊन आपण अजून आहोत हे सांगायचं, म्हणजे फाइल बंद होत नाही. हॉलची व्यवस्था कुणीतरी बरीच डोकेफोड करून लावली होती. डोळ्यांच्या दाव्यांसाठी भिंतीवरच्या फलकावर लाल आकड्यांत नंबर उमटायचा. कानांच्या दाव्यांना आतून हाक मारायचे. दोन वेगवेगळ्या विभागांनी आपापल्या पैशातून सोय केलेली, त्यामुळे अदलाबदल करता येत नव्हती.

फलक बाकांच्या डाव्या हाताला होता, म्हणजे मेजरच्या अधू डोळ्याच्या बाजूला, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याचा नंबर दोनदा येऊन गेला. तिसऱ्या खेपेला त्याच्या शेजारी एक धिप्पाड माणूस येऊन बसला. वीस वर्षं तोफेशेजारी उभा राहिलेला, दोन्ही कानांनी ठार बहिरा. त्याचीही हाक दोनदा येऊन गेली होती. दोघांनी एकमेकांची अडचण ओळखली आणि जोडी जमवली. तोफवाला फलक बघायचा, मेजर हाका ऐकायचा. हाक आली की मेजर तोफवाल्याच्या मांडीवर थाप मारायचा. नंबर आला की तोफवाला मेजरला कोपर मारायचा. कोपर जोरात लागायचं. तोफवाल्याला कुठलीच गोष्ट हळू करता येत नसे, बोलणं तर नाहीच.

"मेजर," तो हॉलभर ऐकू जाईल असं कुजबुजायचा, "ती खिडकीवरची बाई आज हसली."

"का?"

"काय?"

मेजर त्याच्या तळहातावर बोटाने प्रश्नचिन्ह काढायचा.

"मला काय माहीत का हसली. मला ऐकू येतं का?"

असं सहा वर्षं चाललं. कार्यालयात तीन खिडकीवाल्या बदलल्या. तिसऱ्या वर्षी मेजरचा डावा डोळा पूर्ण गेला. ती बातमी त्याने खिडकीवर दिली तेव्हा 'वस्तुस्थितीत बदल' या नावाचा दुसरा अर्ज भरावा लागला आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलापासून निघाली. आता उजवा डोळाही जायला लागला. कडांनी सुरुवात झाली. खिडकीचे पडदे दोन्ही बाजूंनी कुणी रोज एकेक बोट ओढावेत तसं. बायको समोर बसली की तिच्या चेहऱ्याचा कुठला भाग बघायचा ते मेजरला निवडावं लागे. कपाळ घेतलं तर हनुवटी जायची.

डोळ्यांच्या डॉक्टरने, म्हणजे गावातल्या साध्या डॉक्टरने, सांगितलं, "डोळ्यातला दाब वाढलाय. नस वाळत चाललीय. जुना मार आहे हा. गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते शस्त्रक्रियेने राहील."

"किती वेळ आहे?"

"सहा महिने धरा. तुमच्या फौजेच्या रुग्णालयात हे काम चांगलं करतात. तिथे जा की."

तिथे जायला अपील मंजूर व्हावं लागत होतं. बाहेर कुठे करायची तर आकडा ऐकून बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. एवढी मोठी गोष्ट टाचण्या तोंडात धरून ऐकण्यासारखी नव्हती.

आणि त्याच आठवड्यात पत्र आलं. वैद्यकीय मंडळासमोर तपासणीची तारीख लागली होती. दोन महिन्यांनंतरची. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मेजरचे डोळे बघायला तयार झालं होतं.

घरात आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी बायकोने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "अहो, तिथे तक्ता असणार ना?"

"असणार."

"तोच?"

"फौजेत तक्ते बदलत नाहीत."

"मग म्हणून दाखवा बघू."

मेजरने म्हणून दाखवला. त्याला थांबताच येईना. ट. प न. ग र ल. च म ट व. अकराव्या ओळीनंतर 'नमुना सात, आवृत्ती दुसरी' म्हणूनच तो श्वास घ्यायला थांबला.

"लग्नाची तारीख विचारली तर तुम्हाला घाम फुटतो," बायको म्हणाली, "आणि हे असं."

त्या दिवसापासून घरात विसरायची तालीम सुरू झाली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बायकोने तो तक्ता काढला आणि दाराला लावला. मेजरने सहा पावलांवर उभं राहायचं. तिने करड्या आवाजात विचारायचं, "वाचा." त्याने म्हणायचं, "दिसत नाही." बस्, एवढंच. जगातलं सगळ्यात सोपं वाक्य, आणि ते अगदी खरं होतं. पण 'वाचा' म्हटलं की मेजरच्या टाचा जुळत, छाती पुढे येई आणि तोंडातून ट बाहेर पडे. बायकोने त्याला बसवून बघितलं, आडवं करून बघितलं, तोंडात टाचण्या देऊन बघितलं. टाचण्यांमधूनही पाचव्या ओळीपर्यंत गेला. शेवटी तिने मऊ आवाजात विचारायला सुरुवात केली, "अहो, दिसतं का हो तिथे काही?" तेव्हा कुठे तो म्हणू लागला, "नाही गं, काही नाही." दीड महिन्यात दहापैकी नऊ वेळा तो नापास व्हायला शिकला. दोघांनाही अभिमान वाटला. त्यांच्या घरात इतक्या मेहनतीने कुणी नापास झालं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी बायकोला बाहेरच बसवलं. खोलीत नव्या रंगाचा वास होता. समोरच्या टेबलाशी कर्नल हुद्द्याचे डॉक्टर मान खाली घालून कागद भरत होते. मेजरला एवढंच दिसलं, एक टक्कल आणि त्याखाली हलणारं पेन.

"सहा पावलांवर खूण आहे, तिथे उभे राहा," ते मान वर न करता म्हणाले. "डावा झाका. वाचा."

हा काही मऊ आवाज नव्हता. तीस वर्षं हुकूम सोडून सोडून घासलेला आवाज होता. मेजरच्या टाचा जुळल्या. दिसत नाही, दिसत नाही, असं आत कुणीतरी आकांताने म्हणत होतं, आणि बाहेर स्वच्छ, ठणठणीत स्वरात ट गेला, प न गेले, ग र ल गेले. डॉक्टर प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करत गेले. अकरावी ओळ संपली.

"नमुना सात, आवृत्ती दुसरी," मेजर म्हणाला, आणि डोळ्यावर हात तसाच ठेवून रडायला लागला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. आधी मेजरकडे बघितलं, मग भिंतीकडे. बराच वेळ भिंतीकडेच बघत राहिले.

"तुम्ही काय वाचलंत?"

"तक्ता, सर."

"तिथे तक्ता नाहीये. रंगकामाला काढलाय. नवीन यंत्र येणार आहे, अजून आलेलं नाही." डॉक्टर स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "आणि मी खुणा करत बसलो."

मग मेजरने सगळं सांगून टाकलं. सुरुंग, माती, ब्लँकेटं, बूट घासताना म्हणायच्या ओळी. विसरायची तालीमसुद्धा सांगितली. डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्याला बसवलं, यंत्र लावून डोळे बघितले, पंचवीस मिनिटं बघितले. मग आधीचा कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"मी जे पाहिलं तेच लिहिणार," ते म्हणाले. "डावा गेलाय. उजवा चाललाय. मार स्फोटाचाच आहे. आणि नोंदीत नजर चांगली का दिसते तेही लिहितो, नाहीतर ते पुन्हा विचारतील."

चांगला माणूस. त्याने खरोखरच सगळं लिहिलं. त्या चांगुलपणापायीच पुढचं सगळं झालं.

महिन्याभराने एक पत्र आलं, जे आलेलं नाही. त्यानंतर दुसरं आलं, ज्याने ते आलेलं नाही असं सांगितलं. आणि त्या दुसऱ्या पत्राच्या मागच्या बाजूला आणखी एक परिच्छेद होता. वैद्यकीय अहवालातील मजकुरावरून अपीलदाराने सलग आठ वर्षे तपासणीत फसवणूक केल्याचे निष्पन्न होत असल्याने, त्याबाबतची चौकशी पूर्ण होईपर्यंत अपिलास स्थगिती देण्यात येत आहे.

बायकोने ते दोनदा वाचून दाखवलं. मग ती शिवायला बसली. मेजर तिच्या समोरच्या स्टुलावर येऊन बसला आणि तिच्याकडे टक लावून बघू लागला. त्याचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय?"

"कपाळ. डाव्या भुवईवर कांजिण्यांचा व्रण. भुवई, मग पापणी. नाक जरा उजवीकडे."

"माझं नाक सरळ आहे."

"उजवीकडे आहे. पंधरा-वीस वर्षं सांगितलं नाही."

यंत्र चालू राहिलं, पण कापड पुढे सरकेना. "पाठ कशाला करताय?" ती म्हणाली. "मी आहे की इथे. कुठे जात्येय?"

"तू आहेस गं. पण ओळी पुऱ्या व्हायच्या आहेत अजून. वरच्याच झाल्यात." आणि तो पुन्हा कपाळापासून सुरू झाला. त्या दिवशी ती कुणाचेच कपडे देऊ शकली नाही. हनुवटीशी आलं की मेजर अडखळायचा आणि पहिल्यापासून घ्यायचा, आणि उठून जाणं तिला बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी दोघं कार्यालयात गेले. तोफवाला नेहमीच्या बाकावर होता. त्याने कोपर मारलं तेव्हा मेजर खिडकीशी गेला.

"काका, तुमच्या फाइलला स्थगिती आहे," खिडकीवरची बाई म्हणाली. तरुण होती आणि वाईट नव्हती.

"मला दिसत नाही हे तरी मान्य आहे ना, मॅडम?"

"शंभर टक्के. त्यावर इथे कुणाचाच वाद नाही. दिसत नव्हतं तर दिसतं असं का सांगितलंत, एवढाच प्रश्न आहे."

"मग मी कबूल करतो. आत्ता. तुम्ही लिहून घ्या, मी अंगठा देतो, सही देतो, शिक्षा द्या काय ती. चौकशी संपली."

"कबुली चौकशीतच द्यावी लागते, काका. चौकशी सुरूच नाही तर मी ती कशात घेऊ?"

"मग सुरू करा."

"चौकशी अधिकारी नेमला की होईल."

"कधी नेमणार?"

बाईने मागे वळून कपाटांकडे बघितलं, जणू तो तिथे कुठेतरी ठेवलेला असावा. "ते पद भरलेलं नाही. मागची एक चौकशी आहे, ती माझ्याआधीच्या बाईंच्या आधीच्या बाईंनी पाठवली होती. तिचं अजून काही कळवलेलं नाही."

मेजरने खिडकीच्या कट्ट्याला धरलं. त्याची बोटं पांढरी पडली होती, पण ते त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हतं. "मॅडम," तो म्हणाला, "मी खाली मैदानात जाऊन तुम्हाला सुरुंग काढून दाखवतो. डोळे बांधून. तुम्ही म्हणाल तिथे. फक्त आधी हा एक डोळा वाचवा, मग मला तुरुंगात घाला. मी तिथे बसून सगळी चौकशी ऐकेन. कान चांगले आहेत माझे."

बायको पुढे झाली.

"यांच्याकडे तीन महिने आहेत."

"कसले, मावशी?"

"डोळ्याचे."

बाईने पेन खाली ठेवलं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. "मावशी, खरं सांगते, माझ्या हातात असतं तर मी आजच्या आज दिलं असतं."

"तुमच्या हातात काय आहे?"

"शिक्का."

"आणखी?"

बाईने जरा विचार केला, मग खणातून एक छापील कागद काढला. "स्थगिती असताना एकच अर्ज घेता येतो. मुदतवाढीचा. सगळ्याला नमुना तोच आहे. कागदपत्रांना, हजर राहायला, जागा सोडायला. रिकाम्या जागेत कशाला मुदतवाढ हवी ते लिहायचं. मी शिक्का मारून पुढे पाठवते. शिक्का नक्की मारते."

तिघं बाकावर येऊन बसले. तोफवाल्याने खिशातलं पेन काढून दिलं आणि हॉलभर कुजबुजला, "काय झालं?" मेजरने त्याचा तळहात घेतला, त्यावर काढायचं असं काही सुचलं नाही, म्हणून नुसताच धरून ठेवला.

बायकोने कागद मांडीवर ठेवला. "सांगा," ती म्हणाली. मेजरने नाकाची बाजू सोडून तिचे ओठ तेवढे नजरेत घेतले, आणि सांगायला लागला. फौजेत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला ही भाषा येतेच. ती लिहीत गेली.

'प्रति, मा. अपील अधिकारी, अपंगत्व दावे विभाग. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या अपिलास चौकशी पूर्ण होईपर्यंत स्थगिती देण्यात आली असून, चौकशी अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे. अर्जदाराच्या उजव्या डोळ्यास तथापि अशी कोणतीही स्थगिती देण्यात आलेली नाही व त्याचे काम सुट्टीच्या दिवशीही चालू असते. सबब विनंती की, सदर पद भरले जाऊन, चौकशी होऊन, अपिलाचा अंतिम निकाल अर्जदारास वाचता येईल अशा अक्षरांत कळविला जाईपर्यंत, त्याच्या उजव्या डोळ्यात आजमितीस शिल्लक असलेल्या नजरेस आहे त्या स्थितीत मुदतवाढ देण्यात यावी, आणि दरम्यानच्या काळात सदर डोळ्याने परस्पर पुढील कोणतीही कार्यवाही करू नये, असे आपल्या स्तरावरून त्यास लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.'